आरू, टेम्पो माझाच होता

प्रिय आरू,

तुला इथून घालवायला मला काय लागलं, सांगू? एक फोन, माझाच टेम्पो आणि अर्धा तास. सामान होतंच किती! गॅस, दोन गाद्या, एक कूलर, आणि पुढे आईच्या मांडीवर तू. तू मला हात केलास. मीही केला.

काल अंगणवाडीच्या ताई आल्या. दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या चार नंबरच्या खोलीतली आरू गेली. बापानं मारलं." म्हणून लिहायला बसलोय. चार वर्षांची तू, तुला कुठलं वाचता यायला! पण दुसऱ्या कुणाला सांगू?

लातूरहून आलो तेव्हा मी हेल्पर होतो. आज चाकणला स्वतःचं फॅब्रिकेशनचं शेड आहे, मागं भाड्याच्या आठ खोल्या. शेडमधले म्हणतात, "मालकांचे कान म्हणजे काय राव! मशीन बिघडायच्या आधी यांना कळतं." बरं वाटायचं ऐकून. तुझा बाप मला मालक म्हणायचा, म्हणून तूही. "ए मालक, चॉकलेट दे!"

त्याच कानांनी तुझं रडणं ऐकलं. पोरं रडतात, मुसमुसत थांबतात. तुझं रडणं मध्येच तुटायचं, कुणी तोंड दाबल्यासारखं. का गं, एकदाही माझ्या दारात पळत आली नाहीस? आली असतीस तरी मी काय केलं असतं! चॉकलेट देऊन परत सोडलं असतं.

ताईंनी तुझ्या पाठीवरचे वळ बघितले, वर कळवलं. मला म्हणाल्या, "भिंतीला भिंत आहे तुमची. ऐकलंय ते लेखी द्या, भाऊ." मी छाती काढून म्हणालो, "टेन्शन नका घेऊ, ताई. मी बघतो ना!"

आम्हा खोलीवाल्यांचं बघणं म्हणजे काय? खोली खाली करून घेणं. दारू असो, भांडण असो, औषध एकच. माझी बायको इथल्याच गावची. ती म्हणाली, "अवो, लेकरू हाय ते. हितनं उचलून तिकडं ठेवलं म्हंजी मार चुकंल व्हय त्याचा?" मी तिच्यावरच खेकसलो.

तुम्ही गेल्यावर दोन आठवड्यांनी, ताईंच्या तक्रारीवरून, साहेब लोक आले.

"चार नंबरमधलं कुटुंब?"

"गेलं, साहेब."

"कुठं?"

"काय माहीत! चहा घेणार?"

त्यांनी लिहिलं, सदर पत्त्यावर कुटुंब आढळले नाही. चहा प्यायले, माझी सही घेतली, गेले. पुन्हा कुणी फिरकलं नाही. मोशीतली तुमची गल्ली माझ्या ड्रायव्हरला ठाऊक होती, आरू. मलाही. पोलीस, कोर्ट, झंझट नको, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

उद्या शेड उघडायच्या आधी चौकीत जाणार आहे. ऐकलेलं सांगेन, खोटं बोललो तेही सांगेन. कोर्टात कितीही तारखा पडू देत, प्रत्येक तारखेला उभा राहीन. भावाला सोडवायला तुझे काका पाया पडायला आले तरी फिरणार नाही. हा शब्द.

चौकी आपल्या गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर आहे.

तुझा,
मालक