माईंचा हिरवा ठिपका

सोमवार
लागली बाई एकदाची नोकरी! विद्यापीठात, तीही घरबसल्या. पदाचं नाव 'कर्मचारी सहभाग समन्वयक'. थोरल्या बहिणीनं विचारलं, म्हणजे नक्की करायचं काय? म्हटलं, घरोघरी एकट्या बसून काम करणाऱ्या मंडळींना एकमेकांशी जोडून ठेवायचं. ती म्हणाली, थोडक्यात चकाट्या पिटायच्या आणि पगार घ्यायचा. हसून हसून पुरेवाट झाली. खिडकीजवळ टेबल लावलं, नवी खुर्ची आणली. रोज सकाळी पडद्यावर चहाची बैठक भरते. जो हजर, त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. ग्रंथालयातल्या एक वयस्क बाई आहेत, सगळे त्यांना माई म्हणतात. त्या कॅमेरा लावत नाहीत, पण प्रत्येकाला मायेनं काहीतरी लिहितात. मला लिहिलं, पाठीशी उशी घे गं, नाहीतर कंबर धरेल. बरं वाटलं.

शुक्रवार
महिन्याचं सहभागाचं प्रशस्तिपत्र माईंना मिळालं. टपालानं कशाला पाठवायचं, म्हणून मीच घेऊन गेले. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. कागदावरचं नाव वाचून ते तिथंच पायरीवर बसले. माई उन्हाळ्यातच गेल्या. यजमानांनी, म्हणजे काकांनी, ऑफिसला कळवलं होतं. 'नोंद घेतली' एवढंच उत्तर आलं. ठिपका विझू नये म्हणून ते रोज सकाळी माईंचा संगणक लावून समोर बसतात. मग लिहितं कोण, मी विचारलं. ते म्हणाले, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मला वाटलं माझ्या समाधानासाठी तुम्ही ऑफिसातलीच माणसं लिहिता. घरी येऊन एकेकाला विचारलं, कुणीच लिहीत नव्हतं.

मंगळवार
साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, तपासणी तोंडावर आलीय, उगाच शोभा होईल, आजच्या आज खातं बंद करा. काकांना फोनवर कळवलं, तर ते म्हणाले,
"नाव राहू दे, पोरी. दिवसातून एकदा कुणीतरी तिला हाक मारतं."
नोकरी नवी माझी. बंद केलं. मग खूप रडले.

बुधवार
खातं नाही, तरी ठिपका आहे. बाकी कुणाला दिसत नाही. माई फक्त मला लिहितायत.
"हे दिसत नाहीत गं आज. रोज समोर बसायचे, मी बघत राहायचे. तू जाऊन बघतेस का?"
म्हणजे काका माईंसाठी बसायचे, आणि त्या खरंच त्यांना बघत होत्या. आणि मी ते बंद केलं. उद्या सकाळीच जाते काकांकडे.

गुरुवार
गेले. दार नुसतं लोटलेलं. काका काळ्या पडद्यासमोर, खुर्चीतच. डॉक्टर म्हणाले, जाऊन दोन दिवस झाले असतील. माझ्यामुळे. माझ्यामुळेच हे—

शुक्रवार
आज सांगून टाकलं. माई, काका गेले.
 मग—
"गेले? मग इकडे कसे आले नाहीत?"

शनिवार
सुट्टी. संगणकाची वायर उपटून ठेवलीय. तरी पडदा उजळलाय—
"अगं, ते तुझ्या मागे उभे आहेत. ऊठ, त्यांना खुर्ची दे. बसू दे गं त्यांना."
उठायचंय. उठवत नाही. गार बोटं, माझ्या हातावरून पुढे— तोंड माझं, आवाज काकांचा— अगं, किती शोधलं तुला, मी कधीचा—