जीपचं पाणी

॥ श्री ॥
जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
दि. २ फेब्रुवारी २०२५

चि. रसिकास आजीचे अ. आ. वि. वि.

फोनवर ओरडू नकोस म्हणून लिहिते. माझ्या कानात तुझा आवाज भजी तळल्यासारखा येतो, आणि तुझ्या त्या डोंगरात रेंज नसते. मी चौथी शिकलेली, अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

सोसायटीने नोटीस लावली आहे. ज्या गाड्या चालत नाहीत त्या पंधरा मार्चला उचलून भंगारात देणार. तशी गाडी एकच, तुझ्या आजोबांची जीप. सेक्रेटरी गुणवंतभाईला विचारलं, माझं नाव सरळ लिहायला हात दुखत होता का. तो म्हणाला, मांजी, रूल सबके लिए है. रूल सगळ्यांना आणि गाडी एकटीची.

तुझा बाप मस्कतवरून सांगतो, जाऊ दे, आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली, ती नुसती धूळ खाते. त्याला मस्कतमधून धूळ दिसते. मी रोज सकाळी खाली जाते, बोनेट उघडते, रेडिएटरमध्ये दोन तांबे पाणी घालते. तो गळका आहे, दुसऱ्या दिवशी परत रिकामा. किल्ली फिरवली की चालू होते, दहा मिनिटांत तापून वाफ सोडते, की मी बंद करते. तेवढ्यात वॉचमन भेटतो, दूधवाला भेटतो, शेजारची सुलू कचरा टाकायला येते. वर गेल्यावर दिवसभर बेल वाजत नाही.

जीप द्यायची नाही. तू रस्त्याच्या मशिनी सांभाळतेस, तेव्हा काय करायचं ते लिही. दिवाळीला आली नाहीस तरी लोभ आटलेला नाही, एवढं लक्षात ठेव.

तुझी आजी,
अनसूया


कॅम्प, अरुणाचल
दि. ११ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस रसिकाचा शि. सा. न.

पत्र मिळालं. कॅम्पमध्ये सगळ्यांना कळलं की मला पत्र येतं. इथे तो कौतुकाचा विषय आहे.

खरं सांगू? बाबा बरोबर बोलतायत असं मलाही वाटतंय. पण तू ऐकणार नाहीस, म्हणून कामाचं लिहिते. उत्तनच्या हेन्रीकाकांना बोलव. आजोबांची गाडी तेच बघायचे, त्यांना तिची खोड माहीत आहे. नुसती गळती बुजवून चालणार नाही, रेडिएटर नवा टाकायला सांग. रबरी पाइप इतक्या वर्षांत कडक झाले असतील, तेही बदलायचे. इंजिनाच्या आत पाणी फिरतं त्या वाटा आधी धुवून घ्या, नाहीतर जुना गाळ नव्या रेडिएटरमध्ये येऊन बसेल.

आणि आजी, नंतर पाणी नाही घालायचं. कूलंट घालतात, ते हिरवं असतं. एकदा भरलं की दोन वर्षं बघायला नको. तुझा रोजचा त्रास वाचेल.

इथे अंधार लवकर पडतो. जेवण होतं, मग काही नसतं. दिवाळीचं मनातून काढून टाक आणि माया असू दे.

रसिका


॥ श्री ॥
जेसल पार्क
दि. २१ फेब्रुवारी २०२५

चि. रसिकास अ. आ. वि. वि.

हेन्री आला. गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. रेडिएटर काढला, कापला आणि माझ्यासमोर धरला. आत पांढरा दगड. चहाच्या किटलीत धरतो तसा, पण बोटभर. त्याने विचारलं, बाय, पानी कुठलं घालतेस. मी म्हटलं, बोअरचं. सव्वीस वर्षं बोअरचंच. नळाला अर्धा तास पाणी यायचं, ते प्यायला पुरेना. ते काय यंत्राच्या घशात ओतायचं?

हेन्री म्हणाला, त्यानेच गाडी तापायची. इतकी वर्षं मी त्यांच्या हाताला दोष देत आले. गाडी बंद पडली की म्हणायचे, तुम्हाला चालवता येत नाही, बैल बरा. आणि ते ऐकून घ्यायचे.

पुढे ऐक. मागच्या सीटखाली कूलंटचा डबा निघाला, सील न फोडलेला, दहा वर्षांपूर्वीचा. हेन्रीनेच आणून दिला होता. मी विचारलं, मग घातला का नाही. हेन्रीने पाने पुसून हत्यारांच्या पेटीत टाकले. मग म्हणाला, तुझ्या हरिश्चंद्रला सगळं ठाऊक होतं. तो म्हणायचा, सकाळी ती पाणी घेऊन खाली येते, दहा मिनिटं उभी राहते, चार शिव्या देते. दिवसभरात तेवढंच बोलतो आम्ही. हा डबा ओतला तर ती कशाला उतरेल?

मूर्ख माणूस. तोंड उघडून सांगायला काय झालं होतं. मी काय पाण्यासाठी उतरत होते?

हेन्रीला चहा दिला नाही त्या दिवशी. विसरले. तुझ्या म्हणण्याप्रमाणे नवा रेडिएटर मागवलाय, तो वेळेवर आला तर जीप राहील. तुझी माया पोचते, इकडचीही समजून घे.

आजी


कॅम्प, अरुणाचल
दि. २ मार्च २०२५

ती. आजीस शि. सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी त्रास वाचेल असं लिहिलं होतं, ते मागे घेते.

तुला हवं असेल तर एक करता येईल. हेन्रीकाकांना सांग, कापलेला जुना रेडिएटर झाळून जोडा आणि परत बसवा. पंधरा तारखेला गुणवंतभाईंसमोर दहा मिनिटं चालेल. मग तू रोज पाणी घालत राहा. इंजिन कधीतरी बसेल, पण तोवर तुझी सकाळ राहील. इंजिनिअर म्हणून हे लिहायला मला लाज वाटतेय. कुणाला दाखवू नकोस.

नात आहेच, नातीचं प्रेमही तसंच धर.

रसिका


॥ श्री ॥
जेसल पार्क
दि. १७ मार्च २०२५

चि. रसिकास अ. आ. वि. वि.

तुझा सल्ला वाचला. शिकून वाया गेलीस. आपली सकाळ राहावी म्हणून धडधाकट इंजिन जाळायचं? नवाच बसवला.

शनिवारी गुणवंतभाई खाली आला, मागे कमिटी. हेन्रीने चालू केली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. उष्णतेचा काटा मधेच. गुणवंतभाई म्हणाला, ठीक है मांजी, बंद करो, धुआँ आता है. नोटिशीवरून जीप उतरली. सगळे वर गेले.

काल रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून हेन्री आला, म्हणाला, चल उत्तनला, माझ्या व्हेराने घरी तुझ्यासाठी बोंबील ठेवलेत. मी पुढे बसले. आमचं दोघांचं उत्तनला जाणं म्हणजे सकाळी निघून दुपार. मुर्ध्याला थांबायचं, राईला थांबायचं, डोंगरीच्या चढाला तर अर्धा तास. बोनेट उघडून ते वाफ जायची वाट बघायचे, मी सावलीत बसून त्यांच्या सात पिढ्या काढायचे. मग ते कुठूनतरी काकडी आणून द्यायचे, मीठ लावून.

काल मुर्धा गेलं, राई गेली, चढ कधी गेला कळलं नाही. हेन्रीने दोनदा विचारलं, बाय, गप का. मी म्हटलं, गाडी चांगली चालते, बोलायचं काय.

पाऊण तासात पोचलो. उत्तन इतकं जवळ आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात सुट्टी मिळाली तर ये, नाही मिळाली तर पत्र टाक. जीव आहे तोवर आशीर्वाद आहेत.

तुझी आजी,
अनसूया