ज्येष्ठमध औषधात धरत नाहीत

४ मार्च १९९३
संकल्प : मालिनीची अ‍ॅसिडिटी मीच घालवणार. ज्येष्ठमधाचा अर्क काढणाऱ्या कंपनीचा प्रॉडक्शन ऑफिसर घरात असताना बायकोने डॉक्टरकडे जायचं, म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा. आनंदनगरच्या प्लँटमधून काळ्या घट्ट अर्काचा डबा आणला. त्यातलं ग्लिसिरायझिन साखरेच्या पन्नासपट गोड. रोज दोन चमचे, कोमट पाण्यातून.

१९ मार्च
जळजळ बंद! शेजारच्या हरिचंद्रांना सगळी केमिस्ट्री समजावली. ते मधेच दूध उतू जाईल म्हणून उठले.

११ एप्रिल
मालिनी म्हणते, पाय सुजलेत, चपला होत नाहीत. म्हटलं, अंगी लागतंय. नव्या घेऊ.

२ मे
डोकं दुखतं म्हणून ती उल्हासनगरला डॉ. मोटवानींकडे निघाली. मीही गेलो. बीपी वाढलंय म्हणाले. और कोई दवा लेती हैं क्या, असं विचारलं त्यांनी. मी ठाम नाही म्हणालो. घरचा काढा कोणी औषधात धरतं का? मालिनीने फक्त माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत नवऱ्याला खोडून काढायची तिची पद्धत नाही. गुणी आहे.

२० मे
गोळ्यांनी बीपी उतरेना. अ‍ॅलोपथी! अर्क तीन चमचे केला.

६ जून
तिला कुकर उचलवेना. पायांत गोळे येतात. आमची कुंदा म्हणाली, बाबा, तुमचं ते काळं आधी बंद करा. बी.कॉम.वाल्यांनी केमिस्ट्री शिकवू नये.

९ जून
जिन्यात कोसळली. अंबरनाथ पूर्वेला नर्सिंग होममध्ये अ‍ॅडमिट. रक्तातलं पोटॅशियम फार कमी, ठोके चुकताहेत. सलाइनमधून देतात, चढतं, पुन्हा उतरतं. डॉक्टर चक्रावलेत. मी निर्धास्त. थर्मासमधून अर्क चालू ठेवलाय. तिने डोळे मिटून घेतला.

१२ जून
मालिनी गेली.

इथल्या डॉक्टरांनीही विचारलं, घरचं काही देत होतात का. ज्येष्ठमध, म्हणालो. ते म्हणाले, त्यानेच पोटॅशियम जातं, बीपी चढतं. आधी सांगितलं असतंत तर बंद केलं असतं, बाई वाचल्या असत्या.

मी म्हणालो, पण ते औषध नाही.

घरी आल्यावर कुंदा म्हणाली, पाय कशाने सुजतात ते आईला कळलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून पीत होती.

मग मला कुणी सांगितलं का नाही?