डाव्या पायातली चप्पल

मंगळवार, दिवेलागणीला

आज जिंकलो! तीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला सूनबाईची ऑटोमॅटिक गाडी जमंना म्हंजे काय? परवा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला अन् कच्चकन ब्रेकवर पडला. सूनबाई दार धरूनच बसली. म्हणून आज सूनबाईला शेजारी बसवून धाराशिवहून निघताना डाव्या पायातली चप्पल काढून ठिवली. अनवाणी पायाच्या ध्यानात राहतं, आज आपल्याला सुट्टी हाय.

येडशीच्या चढाला उसाचे ट्रॅक्टर तुंबलेले. जुन्या गाडीत म्या अर्ध्या क्लचवर तोलून धरलं असतं. हिच्यात क्लच दोन, पण आतल्या आत, आपोआप चालणारे. रेस देऊन तोलत बसलं की तापतात, हे सूनबाईनंच शिकवलेलं. गुमान ब्रेक दाबून थांबलो. मुंगीगत सरकताना हीबी जरा अडखळते, खोटं कशाला लिहू? पण शेजाऱ्याची ऑटोमॅटिक दर गिअरला बसणाऱ्याची मान हलवते, अन् हिचा गिअर कधी पडला कळतबी न्हाय.

ढोकीत दारात गाडी लावली, चप्पल घातली. बघतो तर सूनबाई गाढ झोपलेली. दचकून उठली, म्हणाली, "मामा, येडशी आली व्हय?"

म्हटलं, "उतर बाई, घर आलं."