चिंचणीच्या वळणावरचा कुत्रा

९ जानेवारी १९९४
पडलो! चिंचणीच्या वळणावर, दोघीही. माझं कोपर सोललं. हिराच्या हनुवटीला पाच टाके.

ती मागच्या सीटवर – तिला जन्मापासून दिसत नाही. पुढे मी. हँडल माझं, ब्रेक माझे. वळण आलं की मी ओरडायचं आणि तिने त्या बाजूला झुकायचं, नाहीतर ही दोघींची लांबलचक सायकल वळतच नाही. आज दोन पोरं शिट्टी मारून पुढे गेली आणि माझं डोकं फिरलं. अशी पिटाळली सायकल की वळण सांगायचंच राहिलं.

आम्हाला सायकल शिकवणारे पुंजाराम सर धावत आले. काय झालं? – तोंडातून निघून गेलं, कुत्रा आडवा आला.

१२ जानेवारी
हिराच्या गावी, मुरब्याला गेले. हिरा दारात जाळं विणत होती. तिच्या आईने बोंबील भाजून वाढले. म्हणाली, पुढे तू होतीस म्हणून पोर वाचली. ताट अर्धं टाकून उठले.

हिराने कुत्र्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. का नाही विचारत?

१६ जानेवारी, रविवार
सर म्हणतात, कुत्रा असो की गाढव, मागची वेळेवर झुकली असती तर सायकल सावरली असती. पुण्याच्या मोठ्या शर्यतीला इथून एकच जोडी जाणार. निवडीच्या शर्यतीला तीन आठवडे राहिले. तेव्हा मागे दुसरी मुलगी बसवू.

वर्षभर हिरा मुरब्याहून एस.टी.ने येतेय, एक दिवस चुकली नाही. आणि मी गप्प! लाज कशी वाटली नाही मला?

१७ जानेवारी
कारखान्यात कामावर लक्षच नव्हतं, तीन खोक्यांवर उलट्या चिठ्ठ्या चिकटवल्या. खरं बोलले तर सर मला काढणार, हे नक्की. या जोडीच्या सायकलीसाठी मी एकटीच्या शर्यती सोडल्या. अख्खं वर्ष घातलं. दुसरं येतं काय मला?

२० जानेवारी
सांगून टाकलं. सरांना, हिरासमोरच. कुत्रा नव्हता, वळण सांगायला मी विसरले.

सर लालबुंद. हिरा शांत. म्हणाली, "मला ठाव होतं. दोघींची पायडलं एकाच साखळीत हाय. कुत्रा दिसला असता तर तुजे पाय थांबले असते. थांबलेच नाय."

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. तिने हनुवटीचे टाके चाचपले.

"पडायचं काय नाय गं. पन रस्ता मला तुज्या तोंडूनच कळतो. त्यात तू कुत्रा घुसवलास. आता तुजा कुठला शब्द खरा धरू?"

सायकल भिंतीला लावली आणि घरी आले.

२१ जानेवारी
हिराची सीट हिराचीच. मी बाहेर. पुढे आता लाडकी, सरावलीची, आमच्याच कारखान्यातली. तिला शिकवायचं काम सरांनी माझ्याच गळ्यात मारलं. बरंच झालं म्हणायचं.

२९ जानेवारी
लाडकीचे पाय भक्कम, पण आवाज फुटेल तर शपथ! वळण सांगते तेही पुटपुटत. अगं बाई, ओरड की!

हिरा माझ्याशी कामापुरतंच बोलते. आज तेही नाही. घरी येऊन खूप रडले.

६ फेब्रुवारी
पालघर. निवडीची शर्यत. शेवटच्या वळणावर मी दोरीला चिकटून उभी. आल्या दोघी, सगळ्यांच्या पुढे, सुसाट – आणि लाडकीचं तोंड बंद! मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "हिरा, डावं वळण!"

हिरा लगेच झुकली.