वेलांटीचा डॉक्टर मी ठरवणार

सोम. १६ जाने. २००६
वेलांटीने आजही दूध सोडलं. पाणी मात्र दोन वाट्या. गेल्या आठवड्यात मुलगा तिला औंधला घेऊन गेला होता, तिथल्या डॉक्टरने रक्त तपासून सांगितलंच आहे, किडन्या गेल्या, वय सतरा, आता औषध नाही. सौ. म्हणते, मांजराची सतरा म्हणजे माणसाची ऐंशीच्या पुढे. मी बहात्तर. म्हणजे घरात सगळ्यात वडील तीच.
प्रशांतचा हिंजवडीहून, ऑफिसातून फोन. उद्या साडेदहाची वेळ घेतली आहे. "बाबा, डॉक्टर तिला झोपवतील. तुम्ही फक्त घेऊन जा, मला मीटिंग आहे." बरं वाटलं. चार दिवस ती झोपलेली नाही. नुसती अंग चोरून बसते, डोळे अर्धे उघडे. झोप लागली तर बळ येईल थोडं.

मंगळ. १७ जाने.
क्रमाने लिहितो.
रिक्षाने औंध. वेलांटी टोपलीत, वर सौ.चं जुनं लुगडं. दवाखाना सगळा काचेचा. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला, इंग्रजी. मी सवयीने अक्षर न् अक्षर पाहिलं. वरच ‘कन्सेंट’ शब्दात एसच्या जागी सी पडलेला. तिला दाखवला. म्हटलं, चाळीस वर्षं प्रेसमध्ये छपाईचे खिळे जुळवले आहेत, असले फॉर्म किती काढले. ती म्हणाली, "वॉव अंकल, मॅनेजरना सांगते." मीही फुगलो. खाली ई-ने सुरू होणारा एक लांब शब्द होता. तो कधी जुळवल्याचं आठवेना. विचारलं नाही. एवढी चूक काढल्यावर विचारणार कसं? सही ठोकली.
आत डॉक्टर तरुण, आवाज मऊ. वेलांटीच्या पायावरचे केस काढायला घेतले. मदतनीस बाईने मला विचारलं, नंतर बॉडी तुम्ही नेणार की आम्ही बघू?
"कोणाची बॉडी?"
डॉक्टरचा हात थांबला. "सर, तुम्ही फॉर्म वाचलात ना?"
"वाचला. चूकही काढली."
मग मला कळलं. टोपली ओढली, तिला आत घातलं. त्याला म्हटलं, मारायचं असेल तर मारायचं म्हणा. झोपवतात ते तान्ह्या पोराला. तो काहीतरी समजावत होता, इंग्रजी-मराठी मिसळून. वाईट नव्हता. पण मी थांबलो नाही. लुगडं तिथेच राहिलं. राहू दे.
संध्याकाळी प्रशांतचा फोन. "बाबा, शी इज सफरिंग. फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं आणि तुम्ही सही केलीत."
केली, म्हटलं. पुढे

बुध. १८ जाने.
काल वाक्य अर्धंच राहिलं. पुरं करतो.
प्रशांत शाळेत सांगायचा, माझे बाबा इंग्रजी पुस्तकं जुळवतात. खरंच जुळवत होतो. पानंच्या पानं. उलटे खिळेही वाचतो. अक्षरं वाचतो. अर्थ नाही. सातवीत शाळा सुटली, इंग्रजी खिळ्यांतच शिकलो. तो समजायचा बाबांना येतं. मी समजू दिलं. आज तो एकतीस वर्षांचा आहे.

गुरु. १९ जाने.
शेजारच्यांनी सांगितलेला दुसरा डॉक्टर, नदीपलीकडचा. हा उलट टोकाचा. रोज सलाईन लावू, महिनोन् महिने काढतील मांजरी, आजोबा पॉझिटिव्ह राहा. दोघांनी वेलांटीची मान धरली, सुई घातली. तिने टेबलावरच केलं. सतरा वर्षांत जागा सोडून कधी केलं नव्हतं तिने. प्रेसमध्ये कागदाच्या रिमांमागे जन्मली, पण कागद कधी भिजवला नाही. शेपटीच्या वळणावरून आमच्या फोरमनने वेलांटी म्हटलं. कॉम्प्युटर आला, प्रेस बंद झाला, खिळे वितळवायला गेले, ही माझ्याबरोबर घरी आली. तिला असं भिजलेलं पाहून
तिथे परत जायचं नाही. हा डॉक्टर तिला नाही जगवत, मला जगवतो.
घरी येऊन सौ.ला हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एक मारतो म्हणून नको, एक जगवतो म्हणून नको. अहो, तुम्हाला डॉक्टर नकोच आहे. तुम्हाला पुढची तारीख हवी आहे."
दुपारचा चहा तिच्याशी न बोलता घेतला. चहा तिनेच केला होता, हे वेगळं.

शनि. २१ जाने.
सदाशिव पेठ, चालत. टोपली दोन्ही हातांनी, तीनदा टेकलो. बाई डॉक्टर, साठीच्या. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना. मी आधीच ठरवून गेलो होतो, पहिला प्रश्न माझा.
"इंजेक्शन देऊन जे करतात, त्याला तुम्ही काय म्हणता?"
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मारणं. दुखू न देता, पण मारणंच. गोड शब्द हवा असेल तर आपण दुसरीकडे जावं."
बसलो. आधीच्या दोन डॉक्टरांचं सांगितलं.
बाईंनी तिला टोपलीबाहेर काढलंच नाही. आत हात घालून पोट चाचपलं, हिरड्या पाहिल्या. म्हणाल्या, आज नाही. अजून ऊन शोधते, हाकेला कान वळवते. पण ही लांब जाऊन बसायला लागेल, तेव्हा फोन करा, मी घरी येईन. त्या दिवशी डॉक्टर बदलू नका. आणि धरायचं तुम्ही.
म्हटलं, माझे हात कापतात.
"कापू देत. तिला तुमचा वास हवा. हात कोणाला हवेत?"
फॉर्म असेल तर मराठीत द्या, मला इंग्रजी समजत नाही, असं बोलून गेलो. घरच्यांना जे सांगितलं नाही ते परक्या बाईंना. त्या म्हणाल्या, फॉर्म नाही. कोऱ्या कागदावर तुमच्या हाताने लिहा. काय ते तुम्हीच ठरवा.

रवि. २२ जाने.
प्रशांत आला. बाई डॉक्टर ऐकून म्हणाला, तिथे साधं एक्स-रे मशीन तरी आहे का. मी म्हटलं, मरायला एक्स-रे लागत नाही. डॉक्टर ठरला आहे. मी ठरवला आहे.
मग सांगितलं. एसची चूक काढली, पण तो फॉर्म मला वाचता आला नव्हता.
"मग एस कसा कळला?"
"अक्षर चुकलेलं कळतं. शब्द कळत नाही."
मग म्हणाला, मला विचारायचंत. मी म्हटलं, तू मराठीत सांगायचं होतंस. तो म्हणाला, मराठीतच सांगितलं होतं, झोपवतील म्हणून. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून राग अजूनच आला.
जाताना वेलांटीपाशी बसला, बुटांसकट. मी बोललो नाही.

मंगळ. २४ जाने.
कागद लिहिला. चौथ्यांदा जमला. ‘माझी मांजर वेलांटी हिला मारण्यास मी परवानगी देतो. हे मी वाचले आहे व मला समजले आहे.’ सौ.ने वाचला. ‘मारण्यास’वर बोट ठेवून थांबली. बदलू का विचारलं. नको म्हणाली.
तारखेची जागा कोरी.

गुरु. २६ जाने.
सकाळपासून पलंगाखाली, भिंतीकडे तोंड करून. उन्हात आणून ठेवली, परत गेली. हाक मारली. कान वळला की नाही, सांगता येत नाही. सौ. म्हणते वळला नाही. मला वाटतं थोडा
नाही. वळला नाही.
बाईंना फोन लावला. एंगेज. पाच मिनिटांनी पुन्हा, एंगेज. सुटीचा दिवस. सौ. म्हणाली, तुम्ही बसा, मी लावते. नको म्हटलं. प्रशांतही निघाला आहे तिकडून, म्हणतो मी धरतो बाबा. त्यालाही नको म्हटलं.
हात धुतले, साबणाशिवाय. पुन्हा लावतो.