ताईच्या फिल्मसाठी एकमेव योग्य कॉम्प्युटर

३ मार्च
ताई तीस एप्रिलला रिटायर होणार. लहान मुलांच्या वॉर्डात चौतीस वर्षं नर्स. निरोपसमारंभात तिच्यावर बारा मिनिटांची फिल्म दाखवणार, असं मी आज सगळ्यांसमोर जाहीर केलं. शूटिंग झालेलंच आहे. परवा नवा कॅमेरा घेऊन दिवसभर तिच्या वॉर्डात होतो. राहिलं फक्त एडिटिंग. भावोजी म्हणाले, मोबाइलवर करून टाक, दोन तासांचं काम. भावोजींनी सगळी नोकरी बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात केली. यापुढे काय बोलणार?

५ मार्च
एडिटिंगच्या आधी प्लॅटफॉर्म ठरवावा लागतो. हे अडाण्यांना कळत नाही. विंडोज, मॅक की लिनक्स? घरातला कॉम्प्युटर नऊ वर्षांचा. त्याच्यावर फिल्म एडिट करणं म्हणजे चमच्याने विहीर खणणं. तुलनेसाठी तक्ता केला. बावीस रकाने. बायकोने तो शांतपणे वाचला आणि विचारलं, यात 'फिल्म कधी होणार' हा रकाना कुठे आहे? ती शाळेत गणित शिकवते. कलेशी संबंध नाही.

११ मार्च
मॅक बघायला शोरूममध्ये गेलो. विक्रेत्याने विचारलं, सर, काय एडिट करता? म्हटलं, अजून काही नाही, पण गंभीरपणे. त्याने सगळ्यात स्वस्त मॉडेल पुढे केलं. मी महागड्याकडे बोट दाखवलं तर म्हणाला, तुम्हाला एवढं लागणार नाही, सर. माझी लायकी ठरवणारा हा कोण? तडक बाहेर पडलो. मॅक बाद. तक्त्यात कारण लिहिलं: 'तांत्रिक'.

१८ मार्च
ऑफिसात एक लिनक्सवाला आहे. रेकॉर्ड रूममध्ये बसतो. जेवणाच्या सुट्टीत चाळीस मिनिटं सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर बोलला. विचारलं, आजवर काय काय एडिट केलंस? म्हणाला, एडिटिंग नाही करत, मशीन ट्यून करतो. सात वर्षं. कीव आली. पण तत्त्व पटलं. रविवारी टाकतो.

२३ मार्च, दुपार
टाकलं. 'संपूर्ण डिस्क पुसू का?' असा प्रश्न आला. जुना कचरा कशाला ठेवायचा, म्हणून 'हो' दाबलं. निर्णय घेता यायला हवा माणसाला.

२३ मार्च, संध्याकाळ
बायकोच्या सहावीच्या प्रश्नपत्रिका त्या डिस्कवर होत्या. परीक्षा उद्या. मी आधी विचारायला हवं होतं म्हणे. विचारलं होतं, मनातल्या मनात. आता ती सगळं पुन्हा हाताने लिहिते आहे. पेन कागदावर मुद्दाम आपटते. लिनक्स बाद. कारण: 'घरातलं वातावरण पोषक नाही'.

२९ मार्च
विंडोज. शेवटी चार लोकांत मिसळावंच लागतं. पण मशीन चार लोकांसारखं नाही. सुटे भाग निवडून जुळवून घेतलं. ग्राफिक्स कार्ड विटेएवढं. पंखे सहा, प्रत्येकात रंगीत दिवे. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा बायको दारात उभी होती. बोलणं सहा दिवसांनी सुरू झालं. म्हणाली, उडणार किती वाजता?

२ एप्रिल
आता सॉफ्टवेअर. एक फुकट मिळतं, एक एकदाच विकत घ्यायचं, एकाचं दरमहा भाडं. फुकटचं चांगलं आहे असं सगळे म्हणतात. सगळे म्हणतात म्हणूनच शंका आली. भाड्याचं घेतलं. त्याचे धडे नेटवर आहेत. शिकवणारा उलटी टोपी घालतो. ज्याला टोपी नीट घालता येत नाही तो मला कट शिकवणार.

९ एप्रिल
एकोणीस धडे झाले. टाइमलाइनवर अजून काही ठेवलेलं नाही. उतावळ्यांच्या फिल्मा उतावळ्या दिसतात.
ताईचा फोन. थोडंसं दाखव ना रे, म्हणाली. म्हटलं, कच्चं काम मी दाखवत नाही. मग म्हणाली, पाच नंबरच्या खाटेवरची मुलगी ऑपरेशननंतर त्या दिवशी पहिल्यांदा चालली, ते आलंय का? आता माझ्या हाताला धरून पुन्हा कुणी चालायला शिकणार नाही. तेवढं असलं तरी मला पुरे.
म्हटलं, बघून सांगतो.

१० एप्रिल
बघितलं. नाही. खिडकीतला उजेड आहे, सलाइनचा थेंब स्लो मोशनमध्ये आहे, छताचा पंखा आहे. मुलगी नाही. तीन तासांचं फुटेज, सगळं कोण बघत बसणार? जाणकाराला छोट्या चित्रांवरून कळतं. ताईला फोनवर सांगितलं, ते नाही आलं, पण सलाइनचा थेंब बघशील तर वेडी होशील. ती म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला. नर्स असून सलाइनचं कौतुक नाही.

१७ एप्रिल
टायटल तयार. अकरा सेकंद. ताईचं नाव ढगांतून सोनेरी अक्षरांत येतं. भावोजी मुद्दाम बघायला आले. बघून झाल्यावर म्हणाले, पुढे? झाकणवाल्यांना सगळं पटापट बंद करायची सवय.

२१ एप्रिल
उलट्या टोपीवाल्यापेक्षा मोठा जाणकार सापडला. तो म्हणतो, रंगांसाठी ते फुकटचंच सॉफ्टवेअर श्रेष्ठ. म्हणजे मला पहिल्यापासून जे वाटत होतं तेच. सगळं तिकडे हलवलं. टायटल तिकडे उघडत नाही. पुन्हा करतो. नऊ दिवस म्हणजे भरपूर.

२७ एप्रिल, रविवार
नवं टायटल आधीपेक्षा सरस. चौदा सेकंद.
बायकोने कॅमेरा मागितला. कशाला, विचारलं. बघते जरा, म्हणाली. ताई तिच्याकडे काहीतरी बोललेली दिसते. कॅमेरा टीव्हीला लावून सगळी दुपार बसली होती. मधे एकदा नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी असेल.

२९ एप्रिल
बारा मिनिटांचा हट्ट मुळातच बालिश होता. उत्तम फिल्म छोटी असते. टायटल, थेंब, पंखा, आभार. एक मिनिट दहा सेकंद. एक फ्रेम जास्त नाही, एक कमी नाही.

३० एप्रिल, संध्याकाळ
दाखवली. हॉस्पिटलच्या हॉलमध्ये साठेक माणसं होती. पंखा फिरून झाला, आभार आले, दिवे लागले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक डॉक्टर शेजाऱ्याला म्हणाले, सुरू कधी होणार?
मग बायको उठली आणि तिने कॅमेरा प्रोजेक्टरला जोडला. मला न विचारता.
त्या दिवशी मी कॅमेरा टेबलावर ठेवून वॉर्डातल्या मावशींना लेन्स समजावून सांगत होतो. तो बंद करायचा राहिला होता. फ्रेम तिरकी. अर्ध्या भागात औषधांचा ट्रे. उरलेल्या अर्ध्यात ताई. हात पुढे करून उलट पावलांनी मागे मागे जाते आहे, आणि तिच्यासमोर ती मुलगी. ताई मोठ्याने पावलं मोजते. एक. दोन. तीन. मागे माझा आवाज अखंड चालू. 'आता ही बाई मधेच उभी राहिली की उजेड अडतो, समजलं?' ही बाई म्हणजे ताई. हॉल हसत सुटला. चौथ्या पावलाला मुलगी डगमगली आणि हसणं थांबलं. पाचव्याला ती ताईच्या अंगावर येऊन पडली. भावोजी रुमाल शोधत होते. मावशी रडत होत्या.
ताई माझ्याजवळ आली. म्हणाली, "हेच दे मला. आणि हे बघ, काहीसुद्धा कापू नकोस."

१ मे
क्लिप पेनड्राइव्हवर घेतली. बायकोने शाळेतून आणलेल्या लॅपटॉपवर. कॉपी, पेस्ट. सहा सेकंद. कुठलंच सॉफ्टवेअर लागलं नाही.
ताईकडे पोचवण्याआधी एकदा शांतपणे ऐकली. काल हॉलमधल्या टाळ्यांच्या गोंगाटात शेवटचं नीट ऐकू आलं नव्हतं. मुलीला छातीशी धरून ताई माझ्या दिशेने मान वळवते आणि ओरडते, "अरे, बघतोयस ना?"
मी म्हणतो, "एक मिनिट. सेटिंग चाललंय."
पुन्हा लावलं. पुन्हा तेच म्हणालो.